सायकल कोपऱ्यात का जाते, आणि पुन्हा रस्त्यावर कशी येते?

हिंगणघाट, समुद्रपूर किंवा उमरेडकडच्या माणसाने नवी सायकल घेतली, की रविवारी सकाळी जायला एक छान ठिकाण आहे : गिरड. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव. टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. टेकडीवर सापडणारे सुपारी-जायफळासारखे गोल दगड म्हणजे बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा दगड झालेला माल, अशी आख्यायिका सांगतात. भूगर्भशास्त्राच्या भाषेत ते झिओलाइट खनिजाचे गोळे.

हिवाळ्यात सायकल सुरू होते, पहिले दोन-तीन महिने जोरात जातात. मग एप्रिल उजाडतो, मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो. पाठोपाठ पाऊस आणि काळ्या मातीचा चिखल. दिवाळीला बघावं, तर सायकलच्या हँडलवर टॉवेल वाळत असतो!

घरचे म्हणतात, "हौस फिटली." पण खरंच तसं असतं का?

उत्साह कुठे जातो?

पहिलं कारण नवलाईचं. कोणत्याही नव्या गोष्टीला मन सरावतं. सुरुवातीला जो रस्ता पाहून मजा येत होती, तोच रस्ता विसाव्यांदा साधा वाटतो. यात आळसाचा संबंध नाही.

दुसरं कारण आकड्यांचं. स्ट्राव्हासारख्या ऍपवर किलोमीटर, वेग, दुसऱ्यांची कामगिरी सगळं दिसतं. त्याने काहींना जोर चढतो, तर काहींचा आनंद हळूहळू आकड्यांच्या ताब्यात जातो. 1973 मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढण्याची आवड असलेल्या काही मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. जे मजेसाठी चाललं होतं, ते बक्षिसाचं काम झालं. सायकलचंही असंच होऊ शकतं.

तिसरं कारण शरीराचं. व्यायाम थांबला की दोन ते चार आठवड्यांत दम कमी होऊ लागतो. मोठ्या खंडानंतर माणूस जुन्याच वेगाने निघतो, पहिल्याच चढावर धाप लागते आणि तो ठरवून टाकतो, "आता आपल्याला जमत नाही." खरं तर दम परत येतो, फक्त काही आठवडे द्यावे लागतात.

मग परत कसं सुरू करायचं?

उत्साह येईल, मग निघू, असं म्हणत बसलं तर सायकल जागची हलत नाही. बऱ्याचदा आधी पाय हलतात, मग मन येतं. म्हणून पहिली पायरी अगदी लहान : टायरमध्ये हवा, चेनला तेल आणि ब्रेक तपासणं. त्या दिवशी एवढंच.

दुसरी पायरी, वेळ आणि जागा पक्की करणं. "या आठवड्यात चालवू" हा ढोबळ संकल्प टिकत नाही. "मंगळवारी सकाळी चहा झाला की गावाबाहेरच्या पुलापर्यंत" हे ठरवलेलं जास्त पाळलं जातं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा 'हे झालं की ते करायचं' पद्धतीच्या ठरावांचा बराच अभ्यास केला आहे.

तिसरी, पहिला महिना ऍप बंद. जायला ठिकाण असावं आणि सोबत एखादा जोडीदार. कुणीतरी चौकात वाट बघतंय म्हटलं की अंथरूण सोडावंच लागतं. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी घरी परतायचं. फारच ऊन असेल तर सरळ सुट्टी घ्यायची, पण परत कधी निघायचं ती तारीख आधीच ठरवून.

मोठ्यांचंही अडतं

अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी सुमारे 4,800 किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत 2016 मध्ये नाशिकच्या लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांना पूर्ण करता आली नव्हती. 2017 मध्ये ते पुन्हा उतरले आणि ती एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही ती पूर्ण केली.

हौशी माणसाला अमेरिका गाठायची नसते. पण थांबणं म्हणजे संपणं नव्हे, हे त्यालाही लागू होतं. गिरडची टेकडी कुठे जात नाही. आधी हँडलवरचा टॉवेल काढायचा.