फिट मेंदूची की हृदयाची?

केंदूर-पाबळ परिसरातल्या एखाद्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी मूल कोसळले आणि हातपाय झाडू लागले, की पुढचे ठरल्यासारखे घडते. कोणी कांदा फोडून आणतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो, आणि ‘याला फिट येते’ असा शिक्का बसतो. कांद्याचा नि चपलेचा काही उपयोग नाही, हे शिक्षक जाणतात. पण शिक्काही कधीकधी चुकीचा असतो, आणि आम्हांला येथे त्याविषयी सांगायचे आहे.

फेफरे किंवा अपस्मार हा मेंदूचा विकार. असंख्य चेतापेशी एकाच वेळी बेताल विद्युतसंदेश सोडू लागल्या की झटका येतो. हृदयही विजेवरच चालते. प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या पेशीत आधी सोडियमचे आयन शिरतात, मागाहून पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात आणि पेशी पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होते. आयनांच्या या ये-जा करण्यासाठी पेशीच्या पटलात प्रथिनांची दारे असतात. ती कशी घडवायची याची कृती जनुकांत असते. तिच्यात एका अक्षराची चूक झाली, तरी दार नीट उघडेनासे होऊ शकते.

पोटॅशियमचे दार अडले, तर पेशी सज्ज व्हायला वेळ लागतो आणि ईसीजीच्या आलेखात क्यू ते टी हे अंतर लांबते. हा ‘दीर्घ क्यूटी’ विकार साधारण दोन हजारांत एकाला असतो. एरवी मूल ठणठणीत दिसते. मात्र विहिरीत पोहताना, शर्यतीत धावताना, किंवा कानाशी एकाएकी घंटा वाजली, तर ठोके इतके जलद नि विस्कळीत होऊ शकतात की रक्त पुढे ढकललेच जात नाही. दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते, हातपाय झटकतात. पाहणाऱ्याला ती फिटच वाटते. ताल आपोआप परतला तर मूल उठून बसते; नाही परतला, तर दगावते.

१९५७ मध्ये नॉर्वेतील येर्वेल व लांग-नील्सन या डॉक्टरांनी एका घरातील चार जन्मतः बहिऱ्या भावंडांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांना वारंवार मूर्च्छा येई. तिघे बालपणीच गेली. पुढे उलगडा झाला, की पोटॅशियमचे तेच दार हृदयात आणि अंतर्कर्णातही असते. हा प्रकार आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आले तरच होतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे आहे, म्हणून हे ध्यानात ठेवावे. बहिरेपण नसलेल्या नेहमीच्या प्रकारात मात्र एकाच पालकाकडून आलेले जनुक पुरते.

आता खरा गुंता. ‘केसीएनक्यू-१’ हे जनुक हृदयाचे मानले जाई. २००९ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर वैद्यक महाविद्यालयातील संशोधकांनी माणसातील त्याचे दोष उंदरांत घातले, तेव्हा उंदरांच्या हृदयाचा ताल तर बिघडलाच, शिवाय मेंदूतही झटके नोंदले गेले. म्हणजे काही रुग्णांत फिट हा हृदयविकाराचा नुसता आभास नसून, एकाच सदोष दाराचे दोन अवयवांतले परिणाम असू शकतात. अपस्माराच्या काही रुग्णांना अकस्मात मृत्यू का येतो, याचा एक धागा येथे सापडतो.

अपस्माराच्या शिक्क्याची किंमत आपल्या समाजात जबर आहे. हिंदू विवाह कायद्यातून ‘अपस्मार’ हा शब्द वगळायला १९९९ साल उजाडावे लागले. चुकीच्या शिक्क्याने ती किंमत तर मोजावी लागतेच, वर हृदय उपचाराविना राहते. वस्तुतः बीटा-रोधक गोळ्यांनी अनेकांचा धोका बराच कमी होतो, आणि पहिली तपासणी म्हणजे साधा ईसीजी.

प्रसंग डोळ्यांदेखत घडतो तो शिक्षकांच्या. मूल धावताना पडले की बसल्या जागी? चेहरा पांढराफटक पडला होता का? लगेच भानावर आले, की बराच वेळ गोंधळलेले होते? घरात तरुणपणी कोणी अचानक गेले, बुडाले? अशा खुणांनी निदान होत नाही, पण डॉक्टरांना दिशा मिळते. त्या कागदावर लिहून पालकांच्या हाती द्याव्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा त्यांनाही दाखवाव्यात. आणि ईसीजी होईपर्यंत चालू असलेली फिटची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू देऊ नये. त्या मुलाला खरोखर अपस्मारही असू शकतो.