अ‍ॅटिकस फिंच : घरात आणि बाहेर एकच माणूस

आज 'टु किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीतल्या बापाबद्दल बोलू या. हार्पर ली यांची ही कादंबरी १९६० साली आली. गोष्ट घडते अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, १९३०च्या दशकात. अ‍ॅटिकस फिंच वकील आहे. बायको वारलेली, जेम आणि स्काउट ही दोन मुलं. टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावर बलात्काराचा खोटा आरोप होतो आणि त्याच्या बचावाचं काम अ‍ॅटिकसकडे येतं.

लोकांना त्याचं कोर्टातलं भाषण आठवतं. मला मात्र तो घरातच जास्त कळतो.

पहिली गोष्ट, तो मुलांना सरळ उत्तर देतो. आपण जिंकणार का, असं छोटी स्काउट विचारते. तो नाही म्हणतो. मग लढायचं कशाला? तर ही केस सोडली, तर तुम्हाला काही सांगायचा हक्कच मला राहणार नाही, हे त्याचं कारण.

दुसरी, त्याचा संयम. शेजारची म्हातारी त्याच्याबद्दल वाट्टेल ते बोलते, म्हणून जेम तिची फुलझाडं तोडतो. अ‍ॅटिकस त्याला माफी मागायला पाठवतो, आणि महिनाभर तिला पुस्तक वाचून दाखवायला लावतो.

तो चुकतोही बरं का! बॉब यूएल नुसता बोलतोय, काही करणार नाही, असं त्याला वाटतं. पण यूएल रात्री मुलांवर हल्ला करतो आणि त्या झटापटीत स्वतःच मरतो.

आता खरी परीक्षा. हे जेमच्या हातून झालं, अशी अ‍ॅटिकसची समजूत होते. शेरीफ म्हणतो, यूएल स्वतःच्याच सुरीवर पडला. दुसरा कुठलाही बाप सुटकेचा श्वास टाकेल. हा म्हणतो, झाकपाक नको! मुलाला आजवर जे शिकवलं, तेच खोटं ठरेल ना.

मग कळतं, की मुलांना वाचवलं होतं ते शेजारच्या बू रॅडलीनं. हा वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेला, माणसांना बुजणारा माणूस. त्याला गावासमोर उभं करणं म्हणजे छळच. तेव्हा मात्र अ‍ॅटिकस शेरीफचं ऐकतो.

मला हेच मोठं वाटतं. स्वतःच्या पोरासाठी त्यानं सूट घेतली नाही, पण दुबळ्या माणसासाठी नियम सैल केला. आपण नेमकं उलटं करतो का? सांगा मला. भेटू पुढच्या भागात!