रोपवाटिकेच्या उतारावर

दर एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातून मास्टर्स गोल्फ स्पर्धेचं प्रक्षेपण होतं. आपल्याकडे ते रात्री उशिरा दिसतं आणि अखेरच्या फेरीचा निकाल लागेपर्यंत सोमवारची पहाट होते. पडद्यावर अझेलियाचे ताटवे, उंच पाइन, पांढरी वाळू आणि डोळ्यांत भरणारी हिरवळ दिसत राहते. कॅमेऱ्याला दाखवता येत नाही तो उतार. ही स्पर्धा जिथे होते त्या ऑगस्टा नॅशनलच्या क्लबहाउसपासून खाली रेज क्रीक या ओढ्यापर्यंत जमीन सुमारे पन्नास मीटर उतरते, म्हणजे पंधरा-सोळा मजली इमारतीइतकी. या मैदानाचं सगळं शहाणपण त्या उतारात आहे, आणि फुलांच्या कौतुकात ते हमखास झाकलं जातं.

गोल्फचा जन्म स्कॉटलंडच्या समुद्रकाठी झाला. वाळूच्या टेकड्या, खुरटं गवत, घोंघावणारा वारा. झाड जवळजवळ नाहीच. अशा मैदानांना ‘लिंक्स’ म्हणतात आणि सेंट अँड्रूजचं ओल्ड कोर्स हे त्यांचं मूळपीठ. तिथली जमीन कडक, त्यामुळे चेंडू हवेपेक्षा जमिनीवरून जास्त धावतो. खेळ समुद्रापासून आत सरकला तशी वेगळी मैदानं घडली: भारी माती, दाट गवत, मोठी झाडं, ओढे, तळी. ही ‘पार्कलँड’. बागेसारखी देखणी, पण त्यांच्यात एक दोष सहज शिरतो. दोन्ही बाजूंना झाडांच्या भिंती आणि मधून एकच सरळ वाट. खेळाडूने विचार करायचाच नाही, फक्त सरळ मारायचं. ऑगस्टा मला मोठं वाटतं ते यासाठी, की बागेच्या जमिनीवर तिथे सेंट अँड्रूजचा विचार पेरला गेला.

ही जमीन खरोखरच बागेची होती. १८५७ साली बेल्जियमहून आलेल्या बर्कमन्स कुटुंबाने ती घेतली आणि ‘फ्रूटलँड’ नावाची रोपवाटिका चालवली. मुलगा प्रॉस्पर याने पीचच्या जाती वाढवल्या, अझेलिया लोकप्रिय केली. क्लबहाउसकडे नेणाऱ्या मॅग्नोलिया लेनची झाडं त्यांनीच लावलेली. रोपवाटिका बंद पडल्यावर, १९३१ साली, सुमारे ३६५ एकरांची ही जमीन ७०,००० डॉलरला विकली गेली. घेणारे होते बॉबी जोन्स आणि त्यांचे स्नेही, गुंतवणूक व्यवसायातले क्लिफर्ड रॉबर्ट्स. जोन्स व्यवसायाने वकील, गोल्फमध्ये आयुष्यभर हौशी. १९३० साली ब्रिटन आणि अमेरिकेच्या ओपन आणि अमॅच्युअर अशा चारही स्पर्धा त्यांनी एकाच वर्षी जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धांतून निवृत्ती घेतली. पुढे मैदान बांधताना बर्कमन्स घराण्यातलेच लोक लागवडीसाठी मदतीला आले. आज प्रत्येक होलला, म्हणजे खेळाच्या प्रत्येक टप्प्याला, एका झाडाचं किंवा फुलाचं नाव आहे.

रचनाकार म्हणून जोन्सनी निवडले डॉ. ॲलिस्टर मॅकेन्झी. यॉर्कशायरमध्ये जन्मलेले हे डॉक्टर बोअर युद्धात होते. बोअर सैनिकांचे खंदक आसपासच्या जमिनीत असे मिसळून जात की समोर उभं राहूनही कळत नसे. हे त्यांनी तिथे नीट पाहिलं आणि पहिल्या महायुद्धात लपवाछपवीचं हेच शास्त्र सैन्याला शिकवलं. मैदानं आखताना ती विद्या उलटी कामाला आली. माणसाने खोदलेला वाळूचा खड्डा, म्हणजे बंकर, निसर्गानेच केल्यासारखा दिसला पाहिजे; आणि दुरून पाहणाऱ्याचा अंतराचा अंदाज चुकला पाहिजे. १९२९ साली अमेरिकन अमॅच्युअर स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झाल्यावर जोन्सना कॅलिफोर्नियात मोकळा वेळ मिळाला. तेव्हा ते मॅकेन्झींच्या सायप्रस पॉइंट आणि पॅसाटिएम्पो या मैदानांवर खेळले, आणि दोघांचं जमलं. सेंट अँड्रूजवरचं प्रेम हा त्यांचा समान धागा.

दोघांनी मिळून ठरवलं, की सामान्य सदस्याला खेळताना आनंद मिळावा आणि अव्वल खेळाडूचा मात्र कस लागावा. म्हणून फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा मधला पट्टा, ऐसपैस रुंद ठेवला. उंच गवत जवळजवळ नव्हतंच. बंकर सुरुवातीला बावीसच्या आसपास होते. मोठ्या मैदानांवर ते शंभरावरही जातात. मग अवघड काय? पहिला फटका कुठेही मारा, चेंडू सापडतो, पुढे खेळता येतो. पण ग्रीन, म्हणजे जिथे भोक असतं तो गुळगुळीत भाग, एका विशिष्ट बाजूनेच चेंडूला सामावून घेतं. चुकीच्या बाजूने मारलेला उत्तम फटकाही ग्रीनच्या उतारावरून घरंगळत तीस-चाळीस फूट दूर जातो. शिक्षा होते ती मागच्या फटक्यातल्या चुकीच्या विचाराची. चौदाव्या होलवर तर आज एकसुद्धा बंकर नाही. नुसत्या ग्रीनच्या उंचसखलपणावर ते होल तोलून धरलं आहे, आणि जगातल्या उत्तम खेळाडूंना तिथे तीन-तीन पट, म्हणजे ग्रीनवरचे हलके फटके, मारावे लागतात.

बारावं होल जेमतेम १५५ यार्डांचं. समोर ओढा, पलीकडे आडवं पसरलेलं अरुंद ग्रीन, पुढे एक बंकर, मागे दोन. या ग्रीनची डावी बाजू खेळाडूला जवळ आहे आणि उजवी दूर. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका फसला की तो बहुधा दोन प्रकारे फसतो: उजवीकडे गेला तर आखूड पडतो, डावीकडे गेला तर लांब. म्हणजे उजवीकडचा आखूड चेंडू पाण्यात, डावीकडचा लांब चेंडू ग्रीन ओलांडून मागच्या चढावर. माणसाचं शरीर नेमकं कुठे चुकतं हे ओळखून ग्रीनचा कोन त्याच्या बरोबर उलटा ठेवला आहे. एका डॉक्टरला हे सुचावं यात मला नवल वाटत नाही. भरीला झाडांमध्ये गिरक्या घेणारा वारा. २०१६ साली जॉर्डन स्पीथ अखेरच्या फेरीच्या मध्यावर पाच फटक्यांनी पुढे होता. या होलवर त्याचे दोन चेंडू पाण्यात गेले, तिनाऐवजी सात फटके लागले आणि विजेतेपद डॅनी विलेटकडे गेलं.

लगेच पुढचं तेरावं होल डावीकडे वळतं. फेअरवे ओढ्याच्या दिशेने कललेला. सुरक्षित उजवीकडे राहिलात तर अंतर वाढतं आणि चेंडू पायांपेक्षा उंच जमिनीवर मिळतो. तिथून तो डावीकडे वळू पाहतो. ओढ्याला खेटून मारलात तर जमीन सपाट मिळते, वाट जवळची होते आणि दोन फटक्यांत ग्रीन गाठण्याचा मोह रास्त ठरतो. जेवढा धोका पत्करला तेवढा मोबदला, आणि हा हिशेब जमिनीनेच घातलेला. गोल्फ मैदानाच्या रचनेत याहून सुंदर काही असेल असं मला वाटत नाही.

मॅकेन्झींना या मैदानावर एकही स्पर्धा पाहायला मिळाली नाही. मंदीमुळे क्लबकडे पैसा नव्हता, त्यांना ठरलेलं मानधनही पूर्ण मिळालं नाही. जानेवारी १९३४ मध्ये ते गेले. मार्चमध्ये पहिली स्पर्धा झाली आणि हॉर्टन स्मिथ जिंकले. तेव्हा आजची शेवटची नऊ होल्स आधी खेळली जात. खालच्या सावलीतल्या भागात सकाळचं हिम उशिरा वितळतं म्हणून पुढच्या वर्षी क्रम उलटला, आणि ओढ्याकाठचं सगळं नाट्य आपोआप अखेरच्या टप्प्यात आलं.

या उतारांचं सर्वांत खोल ज्ञान कॅडींकडे, म्हणजे खेळाडूची बॅग वाहून सल्ला देणाऱ्या मदतनिसांकडे, होतं. १९८२ पर्यंत खेळाडूंना क्लबचेच कॅडी घ्यावे लागत आणि ते सगळे कृष्णवर्णीय असत. कार्ल जॅक्सन किशोरवयात इथे कामाला लागले; त्यांच्या सोबतीने बेन क्रेनशॉ १९८४ आणि १९९५ अशी दोन वर्षं जिंकले. पट कुठे वळेल हे त्या माणसांना पायांनी ठाऊक होतं. पण याच क्लबने पहिला कृष्णवर्णीय सदस्य १९९० मध्ये घेतला, पहिल्या स्त्रिया २०१२ मध्ये. आणि मैदान बांधलं जात असताना मॅकेन्झींनी आपल्या वतीने पाहणीला पाठवलं होतं ते मॅरियन हॉलिन्स यांना, अमेरिकेच्या १९२१ च्या महिला विजेतीला. मैदानाच्या सौंदर्याबद्दल लिहिताना हा अन्याय गाळणं मला जमणार नाही.  

मूळ आराखडा तसाच राहिला असंही नाही. १९३७ साली रचनाकार पेरी मॅक्सवेल यांनी दहाव्या होलचं ग्रीन मागच्या उंचवट्यावर नेलं. त्यामुळे पूर्वी ग्रीनला लागून असलेला मॅकेन्झींचा प्रचंड बंकर आता फेअरवेच्या मधोमध पडून आहे. त्यात फारसा कुणाचा चेंडू जात नाही, तरी तो बुजवलेला नाही, हे बरं केलं. सोळाव्या होलचं तळं १९४७ चं, रॉबर्ट ट्रेंट जोन्स (बॉबी नव्हेत, वेगळे रचनाकार) यांचं. १९८१ पासून ग्रीनवर बर्म्युडा गवताऐवजी बारीक, वेगवान बेंट गवत आलं आणि जुने उतार एकदम जहाल झाले. ग्रीनखाली आता नळ्या आणि पंखे आहेत. मुळांशी साचलेलं पाणी ते ओढून घेतात. एप्रिलमधली हिरवळही आपोआप येत नाही. उन्हाळ्यात क्लब बंद असतो आणि शरद ऋतूत जुन्या गवतावर राय गवताचं बी पेरलं जातं.

खरा ताण आला तो लांबीचा. १९९७ मध्ये टायगर वुड्सने लांबच लांब फटके मारत बारा फटक्यांच्या फरकाने स्पर्धा जिंकली. १९९९ पासून फेअरवेच्या कडेला थोडं उंच गवत वाढू दिलं गेलं, पुढे नवी झाडं लावली गेली, टी, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागा, मागे सरकत राहिल्या. सुरुवातीला सुमारे ६,७०० यार्ड असलेलं मैदान आता ७,५०० यार्डांच्या पुढे गेलं आहे. टी मागे नेणं मला मान्य आहे, कारण त्याने मूळ प्रश्न परत जिवंत होतात. तेराव्या होलसाठी शेजारच्या क्लबची जमीन विकत घेऊन २०२३ मध्ये टी पस्तीस यार्ड मागे नेली, तेव्हा दुसऱ्या फटक्याआधी खेळाडू पुन्हा थांबून विचार करू लागले. कडेचं गवत आणि नवी झाडं मात्र रुंदी खातात, आणि रुंदी गेली की बाजू निवडण्याचं स्वातंत्र्यच जातं. त्यापेक्षा चेंडूच कमी लांब जाणारा करावा. खेळाचे नियम ठरवणाऱ्या दोन्ही संस्थांनी डिसेंबर २०२३ मध्ये तशी दिशा जाहीर केली आहे. ती अमलात आली, तर सातवं आणि अकरावं होल यांच्या कडेची झाडं काढून जुना रुंद फेअरवे परत मोकळा करायला क्लबकडे पुरेसं कारण असेल.