दावे आणि पट्टा: पिल्लाला चालवण्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाणारे, धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव आहे. अशा गावांत कुत्रा बहुधा मोकळाच वाढतो आणि त्याच्या गळ्यात दोरी पडते ती दाराशी बांधण्यासाठी, सोबत चालण्यासाठी नव्हे. त्यामुळे पट्ट्याची कल्पना गुरांच्या दाव्यावरून आणि बैलाच्या वेसणीवरून घडते, आणि पिल्लाला पट्ट्याने चालवण्याविषयीचे बहुतेक गैरसमज याच कल्पनेतून निघतात.

दोरी ओढली की जनावर मागे येते, हा त्यांतील सर्वांत खोलवर रुजलेला समज होय. वेसणीने ओढलेला बैल येतो तो नाकातील वेदना टाळण्यासाठी. गळ्यातील पट्टा ओढला असता पिल्लू मात्र पाय रोवते किंवा खाली बसते, कारण शरीरावर पडलेल्या दाबाच्या उलट दिशेला जोर लावणे ही त्याची स्वाभाविक प्रतिक्रिया असते. याला हट्ट म्हणणे चूक आहे. ओढण्याऐवजी दोरी सैल सोडून दोन पावले पुढे जाऊन उकिडवे बसावे आणि पिल्लू जवळ येताच उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा द्यावा, म्हणजे सोबत येणे लाभाचे आहे हे त्याला कळते.

याच्या उलट, पिल्लू पुढे ओढू लागते तेव्हा त्याच्यामागे फरफटत जाणे हेही शिक्षणच असते, फक्त नको त्या गोष्टीचे. एखाद्या कृतीनंतर हवे ते मिळाले की ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते, या तत्त्वाला मानसशास्त्रात प्रबलन म्हणतात. ओढल्यावर कोपऱ्यावरच्या वासापर्यंत पोहोचता आले, तर ओढण्याचेच प्रबलन होते. आणि नऊ वेळा थांबवून दहाव्या वेळी घाईत जाऊ दिले तर ती सवय आणखी चिवट बनते, कारण अधूनमधून मिळणाऱ्या फळामुळे जडलेली सवय नियमित फळाने जडलेल्या सवयीपेक्षा उशिरा सुटते. म्हणून दोरी ताणली की थांबायचे आणि सैल झाली की चालायचे, हा एकच नियम घरातील सर्वांनी पाळणे आवश्यक ठरते. कोशाचा धागा तुटू न देता मागावरचा ताण सांभाळणाऱ्या विणकरांना दोरीतील ताणाचे हे महत्त्व सहज पटावे.

पुढे ओढणारा कुत्रा मालकावर वर्चस्व गाजवू पाहतो, या समजाला एक इतिहास आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील बंदिस्त लांडग्यांचे निरीक्षण करून 1947 साली त्यांच्यातील वर्चस्वाच्या चढाओढीचे वर्णन केले, आणि डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या ग्रंथामुळे ती कल्पना दूरवर पसरली. पुढे रानातील लांडग्यांच्या दीर्घ निरीक्षणानंतर मेक यांनीच 1999 मध्ये दाखवून दिले की, नैसर्गिक कळप हा सामान्यतः आईबाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असतो. पिल्लू ओढते ते त्याची चाल माणसापेक्षा वेगवान असते म्हणून आणि समोरचे जग त्याला खुणावते म्हणून. त्याला दरडावून वा आपटून ‘जागा दाखवणे’ निराधार आहे, आणि क्रूरही.

सहा महिन्यांचे झाल्यावरच शिकवावे, हे मतही सोडले पाहिजे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांच्या 1965 च्या ग्रंथाने प्रसिद्ध केलेला सामाजिकीकरणाचा संवेदनशील काळ, म्हणजे नव्या गोष्टी निर्भयपणे स्वीकारण्याचा काळ, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा असतो. आठव्या आठवड्यापासून हलका पट्टा घालून अंगणात रोज काही मिनिटांचा सराव पुरेसा होतो. मात्र पार्व्हो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकत असल्याने लसीकरण पूर्ण होईपर्यंत मोकाट कुत्र्यांच्या वावराच्या जागी पिल्लाला खाली सोडू नये. बाजाराचा गलबला आणि मोटारसायकलींचा आवाज त्याला कडेवरूनच ओळखीचा करून द्यावा.

गळा आवळणारी साखळी शिस्त लावते, असे मानणारे तिने गळ्यावर आणि श्वासनलिकेवर पडणारा दाब विसरतात. छातीभोवतीचा पट्टा मानेला जपतो, परंतु तोही आपोआप काही शिकवत नाही. गावठी पिल्लू शिकत नाही, हा तर निव्वळ पूर्वग्रह आहे, कारण प्रबलनाचा नियम जात पाहत नाही. वास घेत रेंगाळणे हा वेळेचा अपव्ययही नव्हे. कुत्र्याला जगाची ओळख मुख्यतः नाकाने होते, तेव्हा सैल दोरीने चालल्याचे बक्षीस म्हणून तेच द्यावे. विदर्भातील उन्हाळ्यात मात्र फिरणे पहाटेच उरकावे, कारण हाताच्या मागच्या बाजूला सोसवत नाही ती डांबरी सडक पिल्लाच्या पंजांनाही भाजते.

राहिला तो अखेरचा समज, की कुत्रा दाराशी बांधून ठेवला म्हणजे मालकाचे काम संपले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या केंद्रीय कायद्याच्या कलम 11 नुसार जनावराला अवास्तव आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम देण्यात मालकाने हयगय करणे, हे दोन्ही गुन्हे आहेत.