‘मरुत्सखा’ : एका उड्डाणकथेची चिकित्सा

शिवकर बापूजी तळपदे (१८६४–१९१६) यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे मानवरहित विमान उडविले, ते सुमारे १५०० फूट उंच जाऊन कोसळले, ही कथा मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. सयाजीराव गायकवाड व न्यायमूर्ती रानडे त्या प्रसंगी उपस्थित होते आणि ‘केसरी’ने ते वृत्त छापले, असेही तीत सांगितले जाते. निर्विवाद अशी समकालीन नोंद मात्र पुढे आलेली नाही. यंत्राची रचना समजून घ्यावी म्हटले तर पंखांचा विस्तार, वजन वा चालकशक्ती यांविषयी भरवशाचा एकही आकडा हाती लागत नाही. जे आहे ते सर्व नंतरच्या कथनांतून आलेले आहे.

नाव मात्र बोलके आहे. संस्कृतात ‘मरुत्सखा’ म्हणजे मरुत् ज्याचा सखा तो, अर्थात अग्नी. ‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गात कालिदासाने हा शब्द याच अर्थाने योजला आहे. वाऱ्यावर तरंगणाऱ्या यंत्राला अग्नीचे नाव देणाऱ्याच्या मनात ज्वलनशक्तीची कल्पना असेल काय, हा तर्क मोहक आहे. पण तो तर्कच. आर्य समाजाशी तळपदे यांचा असलेला संबंध अधिक उपयोगी पडतो. स्वामी दयानंदांनी ‘ऋग्वेदादिभाष्यभूमिके’त नौका व विमाने यांच्या विद्येला स्वतंत्र प्रकरण दिले होते. वेदमंत्रांतून यंत्रविद्या शोधण्याची प्रेरणा त्या वातावरणात सहज उपलब्ध होती.

तळपदे यांच्या विमानात पारा वापरला होता, या समजुतीचेही मूळ साहित्यातच शोधावे लागते. अकराव्या शतकातील भोजकृत ‘समराङ्गणसूत्रधारा’च्या एकतिसाव्या अध्यायात हलक्या लाकडाचा पक्षी, त्याच्या पोटात पाऱ्याचे पात्र आणि खाली अग्नी असे वर्णन येते. यंत्रांची घडण सविस्तर सांगितली नाही ती अज्ञानामुळे नव्हे, गुप्ततेसाठी, असे भोज स्वतःच बजावतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असून तो ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, हे ध्यानी घेतले म्हणजे लाकडी पक्ष्यावर हे ओझे काय करील ते वेगळे सांगायला नको.

‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाचा हवाला या कथेच्या समर्थनार्थ वारंवार दिला जातो. येथे कालक्रमच आड येतो. भरद्वाजांच्या नावावर असलेला हा ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी सांगितला व तो १९१८ पासून लिहून घेतला गेला. तेव्हा तळपदे हयात नव्हते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद व त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९७४ साली त्याची तपासणी केली. भाषा अर्वाचीन संस्कृत, रचना विसाव्या शतकातील आणि वर्णिलेली विमाने उड्डाणास असमर्थ, असा त्यांचा निष्कर्ष होता. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी प्रतिकृती करून पाहिल्या, पण एकही उडाली नाही, असा उल्लेखही त्याच लेखात आहे. गौरवकथेच्या पुरस्कर्त्यांनी हा उल्लेख सहसा पुढे आणलेला दिसत नाही.

याच काळातील परदेशी प्रयत्नांची कागदोपत्री बाजू पाहावी. ऑटो लिलिएन्थाल याने १८८९ मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावर ग्रंथ लिहिला आणि १८९१ पासून स्वतः घडविलेल्या ग्लायडरांतून टेकड्यांवरून झेपा घेतल्या. त्यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. ९ ऑगस्ट १८९६ रोजी तो कोसळला व दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याच वर्षी ६ मे रोजी सॅम्युएल लँग्ली याचे वाफेवर चालणारे मानवरहित यंत्र पोटोमॅक नदीवर सुमारे हजार मीटर उडाले. अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने त्याचे छायाचित्र घेतले. लिलिएन्थालचा मृत्यू व लँग्लीचे मोजके यश दोन्ही तपासता येतात. ‘मरुत्सखा’चे १५०० फूट तपासता येत नाहीत.

तरीही तळपदे यांची धडपड खोटी ठरत नाही. वसाहतीच्या काळात, प्रयोगशाळेचे पाठबळ नसताना एका मुंबईकराने उड्डाणाचा प्रश्न हाती घेतला, एवढे मान्य करण्यास अडचण नाही. अभ्यासकांपुढचा प्रश्न त्यापुढचा आहे. २०१५ साली या कथेवर ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट निघाला आणि त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. तळपदे यांच्या ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ या मराठी पुस्तकाचा भाषेच्या व विचारांच्या अंगाने होणारा अभ्यास मात्र या गदारोळात मागेच राहिला.