जुने दप्तर, नवी इयत्ता

मे महिना सरत आला की महाराष्ट्रातील घरोघरी एक यादी तयार होऊ लागते. वह्या, पुस्तके, गणवेश, दप्तर, बूट, छत्री, डबा. मृगाच्या सरी आणि शाळेची पहिली घंटा यांचे नाते मराठी मनात फार जुने आहे. दिल्ली किंवा इंदूर येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांत हीच यादी अनेकदा एप्रिलमध्ये निघते. पण महिना बदलला तरी यादी बदलत नाही.

महाराष्ट्रातील ह्या खरेदीच्या ऐन दिवसांत, ५ जून रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाने १९७२ मध्ये ठरविलेला जागतिक पर्यावरण दिन येतो. त्या दिवशी मुलाच्या हातून अंगणात एक रोप लावले जाते आणि त्याच आठवड्यात त्याच घरात गतवर्षीच्या अर्ध्या कोऱ्या वह्या रद्दीत जातात. ही विसंगती कोणी मुद्दाम करीत नाही. वस्तू दुकानातून येते एवढेच दिसते. दुकानात ती कोठून आली, हे दिसत नाही.

वहीचा कागद हा मुळात बांबू, लाकूड किंवा उसाचे चिपाड यांचा लगदा असतो. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरच्या कारखान्यात बांबू आणि लाकूड यांपासूनच कागद होत आला आहे. भारतात बनणाऱ्या पेन्सिलींपैकी कितीतरी पेन्सिलींचे लाकूड काश्मीरच्या पुलवामा जिल्ह्यातील पॉपलर वृक्षांचे असते. सुती सदऱ्यामागे, कापसाच्या शेतापासून रंगाईपर्यंत, सुमारे अडीच हजार लिटर पाणी खर्ची पडते असा अंदाज केला जातो. टेरिकॉटच्या गणवेशातील कृत्रिम धागा तर खनिज तेलापासून निघतो, आणि प्रत्येक धुण्याबरोबर त्याचे अतिसूक्ष्म तंतू सांडपाण्यात मिसळतात. म्हणजे लहानशा दप्तरात बांबूचे बन, वृक्षांची राई, कापसाचे शेत आणि तेलाची विहीर अशी चारही सामावलेली असतात.

तेव्हा शाळेच्या तयारीचा आरंभ दुकानात न होता घरातील कपाटापासून व्हावा, हे उचित होय. सर्व वस्तू एकदा जमिनीवर मांडाव्या आणि मगच यादी लिहावी. सहा वह्यांत प्रत्येकी ४० पृष्ठे कोरी राहिली असतील तर ती २४० होतात. दोनशे पानी एक वही भरून वर ४० पृष्ठे उरतात. ही पाने घडीवर कापून घ्यावी, एकावर एक नीट रचावी, डाव्या कडेला दाभणाने भोके पाडून जाड दोऱ्याने शिवावी आणि जुन्या वहीचाच पुठ्ठा त्यांस लावावा. कच्च्या कामाची वही तयार झाली! वेष्टनासाठी प्लॅस्टिकऐवजी खाकी कागद किंवा मागील वर्षाच्या दिनदर्शिकेची जाड पाने घेतली, तर ती वही शेवटी लगद्यासाठी जाताना तिच्यातून काही सोलून काढावे लागत नाही.

पुस्तकांची गोष्टही अशीच. १९६७ मध्ये पुण्यात पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजेच बालभारती, स्थापन झाल्यापासून महाराष्ट्रातील असंख्य मुलांच्या हाती तीच पुस्तके आली. अभ्यासक्रम बदलेपर्यंत थोरल्याचे पुस्तक धाकट्याला आणि धाकट्याचे शेजारच्या मुलाला चाले. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील जुन्या पुस्तकांच्या व्यवहाराला ह्याच सोयीचा आधार होता. २०२३ मध्ये दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने जोडण्यात आली. हेतू चांगला होता. परंतु पुस्तकात लिहिले गेले की ते दुसऱ्याच्या उपयोगी पडणे कठीण होते. जानेवारी २०२५ मध्ये ती योजना मागे घेण्यात आली. पुस्तक पुढे देताना इयत्ता आणि आवृत्तीचे वर्ष मात्र अवश्य पाहावे, कारण नवा अभ्यासक्रम इयत्तेगणिक येत आहे.

गणवेशाबाबत पूर्वीच्या शिंप्यांना एक शब्द ठाऊक होता : ‘वाढत्या अंगाचा’. आत दोन बोटे दुमड ठेवलेला झगा किंवा विजार पुढील वर्षी उसवून लांब करता येई. तयार कपड्यांत ही सोय क्वचित असते. म्हणून घेतानाच दुमड पाहावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पर्यावरणाच्या नावाखाली नवी खरेदी करणे ही देखील खरेदीच होय. महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणि केंद्र सरकारने २०२२ मध्ये एकदाच वापरून फेकण्याच्या प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, ती योग्यच होती. पण घरातील धडधाकट दप्तर टाकून त्याजागी ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून नवे आणले, तर निसर्गाचा कोणता लाभ झाला? नवी वस्तू घ्यावीच लागली तर ती टिकाऊ, दुरुस्त होणारी असावी. दप्तराचा पट्टा चांभाराकडे काही मिनिटांत शिवून मिळतो.

ह्या सर्वांत खरी अडचण मात्र कागदाची वा कापडाची नसून मनाची आहे. जुने दप्तर घेऊन आलेल्या मुलाकडे वर्गातील चार डोळे वळतात, कोणी हसते, आणि ते मूल दुसऱ्या दिवशी घरी हट्ट धरते. त्याचा हट्ट दप्तरासाठी नसतो, मानासाठी असतो. आजवर काटकसर ही गरिबाची सक्ती मानली गेली. केवळ त्याच्यावरच ती राहिली, तर तिच्याबरोबरची लाजही त्याच्याच वाट्याला येईल. म्हणून आरंभ ज्यांस नवे घेणे सहज परवडते अशा घरांनी करावयास हवा. शाळेने जूनमध्ये एक दिवस एक टेबल मांडावे. प्रत्येक मुलाने तेथे काही ठेवावे आणि प्रत्येकाने काही उचलावे. देणारे आणि घेणारे असे दोन गट उरले नाहीत, की उपकाराची भावनाही उरत नाही.

अशा पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकाखाली एक तीन नावे लिहिलेली असतात. पहिले ताईचे, दुसरे दादाचे. तिसरे नाव लिहिताना लहानग्याला आपल्या हाती जुने पुस्तक आले असे न वाटता आपली पाळी आली असे वाटले, तर नव्या इयत्तेचा पहिला धडा त्याने शाळेत पाऊल ठेवण्यापूर्वीच गिरविला असे म्हणावे लागेल.