मंद शिलाई आणि सर्व्हो मोटर : काही रूढ गैरसमज

कारखान्यातील शिलाई मशीनची जुनी क्लच मोटर उतरवून तिच्या जागी सर्व्हो मोटर बसविण्याची तजवीज करणारा मनुष्य दुकानात गेला म्हणजे प्रथम वॉटचा आकडा विचारतो, आणि ५५० पेक्षा ७५० मोठा, एवढ्याच हिशेबावर जादा दाम मोजून समाधानाने परततो. परंतु धारावीत चामड्याच्या पिशव्या शिवणाऱ्या ज्या कारागिराचे सारे कसब कोपऱ्यावर एकेक टाका नेमका पाडण्यात आहे, त्याला हा आकडा फारसे काही सांगत नाही. शक्ती म्हणजे फिरविण्याचा जोर आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार; लेबलावरची शक्ती भरवेगात मिळावयाची, आणि मिनिटाला २०० फेऱ्यांवर तिचा अल्पांशच हाती येतो.

याच्या नेमका उलट गैरसमज असा की, सर्व्होला मुळी दमच नसतो. क्लच मोटरचे जड चक्र, शिलाई चालू असो वा नसो, मिनिटाला सुमारे २८५० किंवा १४४० फेऱ्यांनी अखंड फिरत असते. पायदान दाबल्यावर क्लचची तबकडी त्याला भिडते आणि चक्रात साठलेल्या गतीच्या बळावर सुई चामड्याची चौपदरी घडी भेदून जाते. सर्व्होपाशी ही गंगाजळी नसते. पाय पडल्यावरच ती फिरू लागते, आणि मंद गतीत भार वाढताच तिच्या नियंत्रकाने तत्क्षणी अधिक विद्युत्प्रवाह पुरविला तरच टाका पुरा होतो, नाहीतर सुई घडीत रुतून मशीन थबकते. तेव्हा दोष किंवा गुण सरसकट सर्व्होचा नसून त्या त्या नियंत्रकाचा असतो. आणि त्याची परीक्षा लेबल वाचून नव्हे, तर आपल्या कामातली सर्वांत जाड घडी दुकानात नेऊन, हातचाकाला हात न लावता पहिला टाका पडतो की नाही, हे पाहूनच होते.

वेगाचे बटण खाली फिरविले की मशीन हवे तितके मंद चालेल, ही समजूतही अपुरी आहे. बहुतेक मोटरींत ते बटण कमाल वेगाची मर्यादा ठरविते. पायाच्या पहिल्या स्पर्शाला मोटर ज्या वेगाने उचलते तो किमान वेग निराळा, आणि खरी चौकशी करावयाची ती त्याचीच.

तो किमान वेग जास्त निघाला, तर उपाय पुलीचा. आणि आश्चर्य असे की स्वस्तातला हा उपाय बहुधा शेवटी सुचतो. सामान्य टाक्याच्या मशीनमध्ये हातचाकाचा एक फेरा म्हणजे एक टाका. दोन्ही पुल्या सारख्या असल्या तर २०० फेऱ्यांवर सेकंदाला तीनांहून अधिक टाके पडतील. पण मोटरीवर ४५ मिलिमीटरची आणि मशीनवर ९० मिलिमीटरची पुली असेल, तर वेग निम्मा आणि सुईमागचा जोर, घर्षणाची किरकोळ तूट वगळता, दुप्पट होतो. कमाल वेगही निम्मा होतो खरा; शर्ट शिवणाऱ्याला ते परवडणार नाही, चामडेवाल्याची मात्र त्यात काडीचीही हानी नाही. याहून मंद गती हवी असेल तर मधल्या पुल्यांचा, तिपटीने वेग उतरविणारा जोड बसवितात. केवळ मोटरीची पुलीच लहान लहान करीत जाणे मात्र बरे नव्हे, कारण पट्ट्याची पकड कमी होऊन ऐन जाड जागी तो घसरतो. पुली बदलली की पट्ट्याची लांबीही बदलते, हे दुकानदार आपण होऊन सांगतोच असे नाही.

विजेच्या बचतीविषयी वाद नाही : रिकाम्या वेळी न फिरणारी मोटर वीज कमी खाणारच.

सुई हुकमी वर किंवा खाली थांबण्याची सोय मात्र मोटरीसोबत आपोआप येते असे मानून चालू नये. मोटर स्वतःचे फेरे मोजते. पुल्यांचे प्रमाण बदलल्यावर तिच्या एका फेऱ्याचा सुईच्या एका टाक्याशी मेळ उरत नाही, आणि सुई कोठे आहे हे नियंत्रकाला कळविण्यासाठी हातचाकावर स्वतंत्र सेन्सर लावावा लागतो. तो मोटरीच्या किमतीत धरला आहे की नाही, आणि मोटरीच्या पेटीत त्याची तार जोडावयाची जागा आहे की नाही, याचा खुलासा पैसे देण्यापूर्वीच करून घ्यावा.